धोंड्याच्या दिवशीचा फोन

उद्धव गुरुजी सकाळपासून चौथ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि चौथ्यांदा तेच बोलले.

"दवाखान्याचा फोन एक वाजता येणार आहे. जावईबापू तेव्हा पानावर असतील. अवधूतनं फोन उचलून मागल्या दारी जायचं. बैठकीत त्या विषयाचा एक शब्द निघता कामा नये."

"मागल्या दारी रेंज न्हाई," पुरण वाटता वाटता त्यांची बायको अंबिका म्हणाली.

"मग गच्चीवर जायचं."

"जिना चढून? काल सांजच्यापासून गुडघा सुजलाय लेकाचा."

गुरुजींनी कूलरमध्ये पाणी आहे का ते विचारलं आणि ते निघून गेले. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ताडकळसमधल्या या चार खोल्यांत सूचना सुटायच्या थांबल्या नव्हत्या.

अधिक महिना होता. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणून लेक वैदेही आणि जावई नचिकेत हैदराबादहून धोंड्याच्या जेवणाला आले होते. कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, जावयाला कपडे आणि दिव्याचं दान. अंबिकेनं चार दिवसांपासून तयारी केली होती. वैदेहीला चौथा महिना लागला होता, आणि नचिकेतला घरातल्या आजाराबद्दल अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"तू हात चालव," चुलीशी बसलेल्या कुसुमबाई म्हणाल्या. त्या गुरुजींच्या थोरल्या बहीण. आयुष्यभर भावाची बाजू घेत आल्या होत्या, आणि घेतेवेळी बाजू कोणती हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. "उद्धव म्हणतो ते खरंच हाय. पोरगा एकदाचा बरा होऊन येऊ दे. मग सांगायला राहतंय काय?"

"अक्का, तो बरा झाल्यानं वैदेहीचं काय बरं होणार हाय?"

कुसुमबाईंना हे कळलं नाही. त्यांनी कणकेचा गोळा दोनदा उगाच मळला.

या घराची अडचण सांगायची तर एवढीच, की अवधूतला तीव्र हिमोफिलिया होता. रक्त गोठवणारा जो घटक असतो, ज्याला घरात सगळे नुसतं 'फॅक्टर' म्हणत, तो त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नसे. काही न लागता सांध्यात रक्त उतरायचं, मग परभणीच्या दवाखान्यात जाऊन फॅक्टरचं इंजेक्शन घ्यायचं. असं करत करत सत्तावीस वर्षांत उजवा गुडघा वाकायचा बंद झाला होता. हा आजार बायकांकडून मुलग्यांना येतो. अंबिकेकडून अवधूतला आला. वैदेहीकडेही तो पुढं न्यायला आला असेल, किंवा नसेल. तिची तपासणी गुरुजींनी होऊ दिली नव्हती. लग्न जमवताना त्यांनी नचिकेतच्या घरी सांगितलं होतं, मुलाच्या गुडघ्यात वात आहे.

आता हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यानं अवधूतला जीन थेरपीच्या अभ्यासात घेतलं होतं. रक्ताच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. आज होकार कळवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

*

अवधूत आपल्या खोलीत पाय लांब करून बसला होता. मांडीवर संमतीपत्र, पानं एकतीस. बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, गावातल्या निम्म्या माणसांचे फॉर्म त्याच्या हातून भरले गेले होते. लोक अटी न वाचता अंगठा टेकवतात याचा त्याला राग यायचा. स्वतःचा फॉर्म त्यानं तीनदा वाचला होता, आणि तरी सकाळपासून पुन्हा पहिल्या पानावर येत होता.

वैदेही आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"दादा, खरं सांग. काय होणार हाय त्यानं?"

"एकदाच सलाईन लावतेत. त्यात एक विषाणू असतो, निरुपद्रवी केलेला. तो चांगलं जनुक घेऊन यकृतात जातो, आन यकृत फॅक्टर बनवायला लागतं. लागलं तर."

"लागलं तर?"

"कुणाचं लय बनतं, कुणाचं थोडं. किती वर्षं टिकल ते त्यांनाबी सांगता येत न्हाई. न्हाई टिकलं तर पुन्हा तेच देता येत न्हाई, शरीर त्या विषाणूला ओळखून बसतं. पहिल्या काही महिन्यांत यकृताला सूज येऊ शकते. मग स्टेरॉइडच्या गोळ्या. तोंड सुजतं, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो."

"तू आताच लय गोड हायस ना."

तो हसला. वैदेहीनं त्याच्या गुडघ्यावरचा बर्फाचा रुमाल उलटा केला. "आन गुडघा?"

"हाय तसाच राहणार. जे झालं ते झालं. अण्णांना वाटतं, मी येताना पळत येईन." त्यानं शेवटचं पान काढून तिच्यापुढं धरलं. "हे बघ. पहिले सहा महिने दवाखान्याजवळ राहायचं, हप्त्याला रक्त द्यायचं. आन इथं लिहायचंय, तिथली जबाबदार व्यक्ती कोण. रात्री-अपरात्री गाडीत घालून नेणारी, तिकडची भाषा येणारी."

त्या रकान्यात गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: भुजंग, माजी विद्यार्थी.

"भुजंगदादा तयार हाय?" वैदेहीनं विचारलं.

"अण्णांनी त्याला विचारलंच न्हाई. म्हणले, विद्यार्थी गुरुजींना न्हाई म्हणत नसतो."

वैदेहीचं घर त्या दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. हे गुरुजींनाही माहीत होतं. गुरुजींचा बेत असा होता की अंबिकेनं लेकाला घेऊन तिकडंच भाड्याच्या खोलीत सहा महिने राहायचं, आणि जावयाला पत्ता लागू द्यायचा नाही.

"मी ह्यांना सांगते दादा," वैदेही म्हणाली. पण ती हे लग्न झाल्यापासून म्हणत होती.

*

नचिकेतला धोंडे आवडले. तसं त्यानं मोठ्यानं सांगितलं, कारण सासुरवाडीत कौतुक मोठ्यानं करायचं असतं एवढं तो शिकला होता. मात्र आज या घरात काहीतरी बिनसलेलं आहे हेही त्याला कळत होतं. मामा, म्हणजे त्याचे सासरे, दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. मामी त्याच पानात दुसऱ्यांदा मीठ वाढत होत्या. पानं बैठकीत मांडली होती, कारण कूलर तिथं होता. आणि मोबाइलची रेंजही तिथंच, खिडकीपाशी यायची.

"घ्या, अजून एक धोंडा घ्या," कुसुमबाई म्हणाल्या. "पहिला अधिक महिना हाय. जावयानं लाजायचं नसतं."

"लाजत नाही आत्या, तिसरा आहे हा."

"आमच्या उद्धवनं सोनपेठला, अंबिकेच्या माहेरी, पहिल्या खेपेला नऊ खाल्ले होते."

"अक्का," गुरुजी म्हणाले.

"अन् नंतर?" नचिकेतनं गमतीनं विचारलं.

कुसुमबाईंनी घाईनं त्याच्या पानात तुपाची धार सोडली. तेवढ्यात फोन वाजला. एकला अजून दहा मिनिटं होती.

अवधूत पानावरून उठायला लागला. गुडघा ताठ, त्यामुळे त्याला भिंत धरून उठावं लागायचं. गुरुजी हातानं खुणावत होते, मागं, मागं. अवधूतनं बापाकडे बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं आणि परत खाली बसला. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार, प्रियांका बोलतेय. जीन थेरपी विभागातली समुपदेशक," बाईंचा आवाज बैठकभर पसरला. "अवधूत, एक अडचण आहे. तुम्ही दिलेल्या नंबरवर मी फोन केला. भुजंग म्हणाले, ते तीन वर्षांपूर्वीच पुण्याला गेलेत, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही."

गुरुजींचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थी परस्पर गाव सोडून गेल्याचं त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"स्थानिक माणूस नसेल तर आम्ही सुरू करू शकत नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाला यकृताचा त्रास झाला तर तासाभरात आणावं लागतं. कुणी आहे का?"

"हिमोफिलिया?" नचिकेत म्हणाला.

वैदेहीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"दाजी, मला वात न्हाई," अवधूत म्हणाला. "मला हिमोफिलिया हाय. जन्मापासून."

नचिकेतनं तो शब्द ऐकलेला होता. शाळेत असताना जीवशास्त्रात, राजघराण्यांचा तक्ता, बायकांची वर्तुळं आणि मुलांचे काळे चौकोन. त्यानं बायकोकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं. मग फोनच्या दिशेनं वाकून, अगदी ऑफिसात विचारावं तसं विचारलं, "मॅडम, मी यांच्या बहिणीचा नवरा. ही ट्रीटमेंट घेतली तर आजार घरातून जातो का? म्हणजे पुढच्या पिढीतून?"

"नाही सर. ती फक्त अवधूतच्या यकृतापुरती आहे. त्यांना पुढं मुली झाल्या तर त्या वाहक असतीलच. आणि त्यांच्या बहिणीचा याच्याशी संबंध नाही, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते. झाली असेलच ना?"

नचिकेत उठला. उष्टा हात तसाच घेऊन तो बाहेर गेला. पानात अर्धा धोंडा होता.

"मी दोन वाजता परत फोन करते," बाई म्हणाल्या. त्यांना बहुतेक अशा बैठकांची सवय असावी.

*

"झालं समाधान?" गुरुजी मुलावर गरजले. चिडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. "येवढं समजावून सांगायलाव मी, तरी पानावर बसलेल्या जावयासमोर इज्जत काढलास! आता तो पोरीला इथंच ठेवून जाईल, मग बस फॉर्म भरत!"

"त्याला बोलू नका," अंबिका म्हणाली.

ती सहसा असं बोलत नसे. गुरुजींनी मान वळवली.

"तुमी सोनपेठला पानावरून उठलाव तेव्हा मी वाढायला होते," ती म्हणाली. "अवधूत अकरा महिन्यांचा होता. दवाखान्यातून कागद आला, आन त्याच अधिक महिन्यात तुमी माझ्या बापाला भर पंगतीत म्हणलाव, आजार तुमच्या घरातला हाय आन तुमी लपवून पोरगी दिलीत. त्यानंतर एकाही अधिक महिन्यात तुमी तिथं जेवला न्हाईत. माझा बाप वाट बघत मेला."

"ते आता कशाला उगं..."

"माझा भाऊ परमेश्वर एकोणीसचा असताना गेला. दात काढला, रक्त थांबलं न्हाई. आमच्याकडं कुणाला नावसुद्धा ठाऊक नव्हतं ह्या रोगाचं. माझ्या बापानं लपवलं न्हाई, त्याला ठाऊकच नव्हतं. तुमाला ठाऊक हाय. तुमी जाणून लपवलात."

शाळेत पोरगं खोटं बोलताना सापडलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे ते नेहमी सांगत. आता स्वतःच्या कानांना त्यांना चटका बसल्यासारखं झालं.

त्यांनी बहिणीकडे बघितलं. ही तरी आपली.

कुसुमबाई नचिकेतच्या पानावरच्या माश्या वारत होत्या. "मी तर म्हणलं होतं, पोरगा बरा झाला की सगळं मिटल," त्या हळूच म्हणाल्या. "ती बाई म्हणते न्हाई मिटत. मग उद्धव, चुकलं की आपलं. जा, बोल त्याच्याशी."

"मी काय बोलू?"

"मला काय इचारतोस? हेडमास्तर तू होतास."

गुरुजी उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि खुर्चीत बसले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती मुलापेक्षा मुलीसाठी होती. इतकी वर्षं मुलाच्या आजाराची भीती बाळगून झाल्यावर दुसरी भीती कशी धरायची हे त्यांना समजेना.

*

नचिकेतनं नळावर हात धुतला होता, पण गाडीची किल्ली खिशातून काढली नव्हती. कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी, तिला टेकून तो उभा. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वैदेही चपला न घालताच धावत आली आणि तापलेल्या मातीवर एक पाय उचलून, एक टेकवून उभी राहिली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"दीड वर्ष. डॉक्टरीण बाईंनी आपल्या दोघांच्या घरचे आजार विचारले, तू म्हणालीस काही नाही. मी शेजारी बसलो होतो वैदेही."

"मला वाटलं, दादा बरा झाला की सांगायला काही उरणारच न्हाई. सगळ्यांना तसंच वाटलं. अण्णांनी तसंच सांगितलं, आन मला ते खरं वाटून घ्यायचं होतं."

"तू शिकलेली आहेस."

"घाबरलेलीबी हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्याला तिचा भयंकर राग आला होता. तरी तिचे पाय भाजताहेत हे दिसत होतं, म्हणून त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तिला सीटवर बसवलं. नंतर तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेला, परत आला, पुन्हा गेला. आपल्या आईला हे कसं सांगायचं, सांगायचं की नाही, असा विचार मनात आला तसा तो जागीच थांबला. म्हणजे आपणही तासाभरात मामांसारखं करायला निघालो होतो.

"मुलगा असेल तर?" त्यानं विचारलं.

"माझ्यात असलं तर मुलाला यायची शक्यता निम्मी. माझ्यात असायचीच शक्यता निम्मी हाय. मुलगी असली तर तिलाबी माझ्यासारखं असू शकतं."

"आणि आलंच तर, अवधूतसारखं?"

"दादाच्या लहानपणी फॅक्टर मिळत नव्हतं वेळेवर. आता लहान लेकरांना आधीपासून देतेत, सांधे वाचतेत. दादानंच वाचून सांगितलं मला." तिनं डोळे पुसले. "त्याच्यासारखं न्हाई होणार. त्याचं मात्र आजच हाय. त्याची जागा जाईल."

आत फोन वाजला.

*

अवधूतनं तो पहिल्या घंटीला उचलला. गेला एक तास त्यानं बहिणीचा संसार मोडल्याचं चित्र निरनिराळ्या पद्धतीनं रंगवलं होतं, आणि शेवटी त्याचा निर्णय झाला होता.

"मॅडम, माझं नाव काढून टाका," तो म्हणाला.

"अवधूत!" अंबिका ओरडली.

"थांब आई. मॅडम, तिथं माझं कुणी न्हाई. पुढच्याला द्या."

"अवधूत, हा तुमचा निर्णय आहे का घरच्यांचा?" बाईंनी विचारलं. "घाबरला असाल तर तसं सांगा. तेही चालतं."

घाबरलो तर आहेच, असं त्याला म्हणायचं होतं. थेरपी उपयोगाला आली नाही तर काय, याची भीती होती, आणि आली तर काय याची त्याहून जास्त. सत्तावीस वर्षं जपून चाललेल्या माणसाला न जपता चालता येतं का, हे संमतीपत्रात लिहिलेलं नव्हतं. पण त्याला ती जागा हवी होती. हे त्याला नाही म्हणताना कळलं, आणि तो फोन ठेवायला धजेना.

नचिकेत आत आला. तो सासऱ्यांच्या खुर्चीवरून पुढं गेला, त्यांच्याकडे न बघता, आणि खिडकीपाशी उभा राहिला.

"मॅडम, पत्ता लिहून घ्या," तो म्हणाला. त्यानं कॉलनीचं नाव सांगितलं, इमारतीचा नंबर सांगितला, स्वतःचा मोबाइल नंबर दोनदा सांगितला. "गाडी आहे. तेलुगू येतं."

"रुग्णाशी नातं?"

"मेव्हणा आहे तो माझा." जरा थांबून तो म्हणाला, "अजून एक. माझी बायको गरोदर आहे, चौथा महिना. तिची तपासणी तुमच्याकडे होईल का?"

ज्या गोष्टीला या घरात नाव नव्हतं, ती इतक्या सरळ आवाजात बोलली गेलेली गुरुजींनी पहिल्यांदा ऐकली. ते खुर्चीतून उठले. "नचिकेतराव, मी..."

"मामा, तुमच्याशी आज नाही बोलणार मी," नचिकेत म्हणाला. "मला राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही."

गुरुजी उभेच राहिले.

"तपासणी होईल," फोनवरून बाई म्हणाल्या. "त्यांची स्वतःची तयारी आहे ना?"

वैदेही दारात आली होती. सवयीनं तिची नजर बापाकडे वळली, आणि तिनं ती परत आणली. "आहे," ती म्हणाली. "सोमवारी येते."

फोन बंद झाला. कुसुमबाई पान बदलायला आत गेल्या. अंबिका भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. अवधूतनं एकतिसावं पान काढलं, भुजंगचं नाव एका रेघेत खोडलं आणि पेन तसंच हातात धरून बसला.

"दाजी, तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय," तो म्हणाला. "लिफ्ट न्हाई, वैदेही सांगत होती. मला तिसरा मजला एका दमात चढत न्हाई. आन ही थेरपी घेतल्यावरबी चढणार न्हाई. गुडघा सुधरत न्हाई त्यानं. हे तुमाला आधी सांगितलेलं बरं."

नचिकेतनं त्याच्या हातातला कागद घेतला, आपलं नाव लिहिलं आणि सही केली.

"दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवतो," तो म्हणाला.